तू सेविका नव्हतीस, शुभांगी

शुभांगी,

तुझ्या फोटोखाली त्यांनी काय छापलं होतं, ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येणार नाही. ‘कलेची निःस्वार्थ सेविका.’ हॉलच्या दाराशी मोठा फ्लेक्स, मधे तुझा तो हिरव्या कुर्त्यातला फोटो, आणि खाली ही ओळ. त्याखाली संस्थेचं नाव, अध्यक्षांचं नाव, उपाध्यक्षांचं नाव. तू काय शिकलीस, कुठली पदवी घेतलीस, याच हॉलवर तू व्यवस्थापक होतीस, यातलं एक अक्षर नाही. अकोल्याहून सकाळच्या एसटीने अमरावतीला तुझ्या शोकसभेला आले होते. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत शेजारच्या बाईने मला दोनदा पाणी दिलं, इतकी रडत होते. त्या फ्लेक्ससमोर आले आणि माझं रडणं थांबलं. राग आला की मला रडू येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आपल्या दोघींत राग कायम माझ्याकडेच होता. तुझ्याकडे काम होतं. आज काम थांबलं आहे आणि राग तेवढा उरला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आपली ओळख विद्यापीठाच्या युवक महोत्सवातली. मी अकोल्याच्या कॉलेजकडून आलेली, तू अमरावतीच्या. तुझ्या एकांकिकेत तुला नर्सचं काम होतं. वाक्यं दोन. त्यातलं एक तू ऐन प्रयोगात विसरलीस आणि दुसरं दोनदा म्हणालीस. अभिनय आपला प्रांत नाही हे तुला तेव्हाच कळलं आणि त्याचं तुला जराही वाईट वाटलं नाही. त्याच दिवशी आमचा सेट घेऊन येणारा टेम्पो बडनेऱ्याजवळ बंद पडला. आमचे सर डोक्याला हात लावून बसले. तू समोरच्या टीमची मुलगी, कुठूनशी ही बातमी ऐकून आलीस आणि तुझ्या बाबांची फुलं वाहायची मॅटाडोर बोलावून घेतलीस. काका शिव्या देत आले, पण आले. सेट वेळेत लागला, आमची एकांकिका पहिली आली आणि तुमची कुठेच आली नाही. असं का केलंस म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, “तुमचा सेटच आला नसता तं आमी हरलो कोनाशी असतो?”

मला ती गंमत वाटली होती. ती गंमत नव्हती. प्रयोग झालाच पाहिजे, तो कोणाचा का असेना, हे तुझ्या अंगातच होतं. त्याचं शिक्षण मिळतं हे मात्र तुला बी.कॉम. झाल्यावर कळलं. मुंबईच्या एका संस्थेत कला-व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. तू ते घरी सांगितलंस तेव्हा मी तुमच्याकडेच मुक्कामाला होते. नांदगाव पेठच्या पलीकडलं तुमचं घर, समोर झेंडू आणि गलांडा, काका ओसरीत बसून टोपल्या बांधत होते. हे शिकून काय होशील, असं त्यांनी विचारलं. तू नीट समजावून सांगितलंस. कोणी गातं, कोणी नाटक करतं, कोणी चित्र काढतं. कोणाला ते पाहायचं असतं. या दोघांची गाठ घालून द्यायची, जागा, परवानगी, जाहिरात, तिकीट, करार, सगळं बघायचं, याचं ते शिक्षण.

काकांनी सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, “म्हंजे आडत्या.”

तू हसलीस. ते हसले नाहीत. आडत्या कधी कोणाच्या भल्याचा असतो काय, असं म्हणून त्यांनी दुसरी टोपली ओढली. त्यानंतर जाण्याच्या दिवसापर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत. काकूंनी तिखटाचा डबा आणि कुरडया बांधून दिल्या. बडनेऱ्याच्या स्टेशनवर मात्र काकांनी तुझी बॅग स्वतः उचलून आत नेली, सीटखाली नीट सरकवली आणि खाली उतरले. तू गाडीत रडलीस, असं नंतर मला सांगितलंस.

बाकीच्यांना तर तू काय शिकतेस तेही समजलं नाही. कला म्हटलं की आपल्याकडे आर्ट्स. तुझी आत्या सगळ्यांना सांगायची, सायन्सला नंबर लागला नाही म्हणून पोरगी आर्ट्सला गेली, तीही मुंबईला. एका स्थळाने तर विचारलं, एम.ए. कशात, मराठी का इतिहास? तू हे सगळं फोनवर नकला करून सांगायचीस. मी चिडायचे. तू म्हणायचीस, मंजू, यात चिडायचं काय, त्यांना कोणी सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार.

तिथेही तुला कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला आवडती कलासंस्था सांगायला लावली. कोणी मुंबईतली मोठी गॅलरी सांगितली, कोणी परदेशातलं नाट्यगृह. तू म्हणालीस, आमच्या चौकातलं गणेश मंडळ. वर्ग हसला. हसणं थांबेपर्यंत तू उभी राहिलीस आणि मग सांगितलंस. पोलिसांची परवानगी, विजेची जोडणी, मांडव, कलाकार, गर्दी, मिरवणूक, आणि हे सगळं बिनपगारी, आपसात भांडणाऱ्या माणसांकडून दरवर्षी करून घ्यायचं. हे जमणारी दुसरी संस्था दाखवा, असं तू त्यांना विचारलंस. सरांनी यावरच निबंध लिहायला सांगितला. फोनवर तू इतकंच म्हणालीस की हसले तर हसू देत, मी खरंच सांगत होते. त्या हसणाऱ्या पोरांवर मी इकडे अकोल्यात बसून दोन दिवस जळत होते.

तुझ्या प्रबंधाच्या वेळी मी एकदा तुझ्यासोबत भातकुलीकडच्या गावांत आले होते. दंडार हा विषय तू घेतला होतास. गाणी, सोंगं, सवाल-जवाब, गावच्या मोकळ्या जागेत पहाटेपर्यंत चालणारा खेळ. तेच पथक शहरातल्या महोत्सवात आलं की दोन नाचांच्या मधे थोडी जागा मिळते, आणि निवेदक ‘आता वऱ्हाडी लोककला’ म्हणून मोकळा होतो. माणसांची नावं कोणी घेत नाही. हे असं का होतं आणि वेगळं कसं करता येईल, हा तुझा प्रश्न होता. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं होतं की विषयाला व्याप्ती नाही, मुंबईतला एखादा महोत्सव घे. तू घेतला नाहीस. पुंडलिकबुवा त्या पथकाचे म्होरके. वांगी आणि कोथिंबीर पिकवणारा माणूस, आवाज असा की माईक लागत नाही. त्यांनी तुझे सगळे प्रश्न ऐकून घेतले, सगळ्यांची उत्तरं दिली, आणि चहा आल्यावर तुला एकच विचारलं.

“आमचा अब्यास करून तुमाले काय भेटन, बाई?”

“डिग्री भेटन, बुवा.”

“आन आमाले?”

तू हातातली कपबशी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, “ते मले अजून मालूम नाई.”

दुसरं कोणी असतं तर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. तू नेली नाहीस. म्हणून तर पदवी हातात आल्यावर मुंबईतल्या मोठ्या नाट्यगृहाने नोकरी देऊ केली तेव्हा तू परत यायला निघालीस. आपलं पहिलं मोठं भांडण ते. अकोल्याच्या स्टँडवर, समोर आलुबोंडा थंड होत होता. मी तुला म्हटलं, येऊ नकोस, इथे तुझ्या शिक्षणाचं लोणचं घालतील. तू म्हणालीस, बुवांना काय सांगू. मी म्हटलं, बुवा विसरलेसुद्धा असतील. तू म्हणालीस, मी नाही विसरले.

आलीस. अमरावतीतल्या त्या हॉलवर तुला व्यवस्थापक म्हणून घेतलं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, शहरात वजन असलेला माणूस, बोलायला मधासारखा. पहिल्या कार्यक्रमात त्यांनी तुझी ओळख करून दिली, ही आमची लेक, मुंबईहून नाटकाचं मॅनेजमेंट शिकून आली. टाळ्या झाल्या. मग तुझ्याकडे पुष्पगुच्छ आणि चहाची जबाबदारी दिली. फुलवाल्याच्या घरची आहे, फुलं स्वस्त मिळतील, असंही कोणी म्हणालं. ते तू मला वर्षभराने सांगितलंस. लगेच सांगितलं असतंस तर मी तिथे येऊन काय केलं असतं, याची तुला कल्पना होती.

त्या हॉलच्या बायकांच्या रंगपटाला आतून कडी नव्हती. मी शाळेत शिकवता शिकवता किती वर्षं तिथे प्रयोग केले. दरवेळी एकीने दाराला पाठ लावून उभं राहायचं आणि दुसरीने साडी बदलायची. आम्हाला वाटायचं, हे असंच असतं. तू आल्याच्या आठवड्यात सुतार बोलावून कडी बसवून घेतलीस. यासाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो, असं तुला सांगण्यात आलं. तू ठराव होईल तेव्हा होईल म्हणालीस. पुढच्या प्रयोगाला मी आले, आत गेले, कडी लावली आणि साडी हातात घेऊन नुसती उभी राहिले. दाराला कोणी पाठ लावलेली नव्हती. सगळ्या जणी आपापलं काम करत होत्या. त्या दिवशी तुला धन्यवाद म्हणायचं राहिलं. एवढ्याशा कडीसाठी काय धन्यवाद म्हणायचे, असं वाटलं होतं.

मग तू करार आणलास. एका पानाचा, साध्या मराठीत. कलाकार किती वाजता येणार, हॉल काय काय देणार, कार्यक्रम रद्द झाला तर कोणी काय करायचं. जुन्याजाणत्यांना तो झोंबला. आमच्यावर विश्वास नाही का, असं एका ज्येष्ठ गायकांनी विचारलं. तू म्हणालीस, विश्वास आहे म्हणूनच लिहून देते आहे. ते सहा महिने चिडून होते. नंतर दुसऱ्या गावी कार्यक्रम ऐन वेळी फसला तेव्हा तुला फोन करून तोच कागद मागितला.

आणि मग तो कार्यक्रम. एका नृत्यवर्गाचं संमेलन, पडद्यामागे सजलेल्या चिमुकल्या पोरी, समोर पाहुणे. पाहुण्यांसाठी जास्तीचे सोफे आणून ते नेमके बाहेर पडायच्या दारासमोर मांडलेले. त्या दाराला बाहेरून कुलूप आणि पलीकडे जुन्या फ्लेक्सचा ढीग. तू पडदा उघडू दिला नाहीस. भाऊसाहेब आत आले. मी पोरींच्या केसांत गजरे माळत होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. ते अगदी शांतपणे म्हणाले की शुभांगी, तासाभराचा तर कार्यक्रम आहे, एवढ्यात काय होणार आहे.

“काईच नाई होत, भाऊसाहेब,” तू म्हणालीस. “रोजच काई नाई होत. एखाद्या दिवशी होते.”

आणि तू स्वतः सोफ्याला हात लावलास. हॉलचे दोघे कामगार आले, मी आले. कुलूप उघडलं, ढीग हटवला, मग पडदा वर गेला. पाहुणे घड्याळ पाहत बसले होते. पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी तुला बोलावून, थोडी विश्रांती घे, असं हसत सांगितलं. तुझ्या खुर्चीवर कोणाचा तरी भाचा आला. त्याला कोणी काही शिकायला लावलं नाही.

मी पेटले होते. वर्तमानपत्रात लिहू, मोर्चा नेऊ, काहीही. तू घरच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलंस आणि कामाला लागलीस. अकोल्यात तिकीट लावून दंडार करायची. लोक म्हणाले, दंडारीला तिकीट? गावात फुकट दिसते ती. तू म्हणालीस, गावात तो त्यांचा सण असतो, इथे त्यांचं काम आहे. पोस्टरवर पथकातल्या प्रत्येकाचं नाव छापलंस, ढोलकीवाल्यापासून झांजवाल्यापर्यंत. बुवा हॉलबाहेर त्या पोस्टरसमोर उभे राहून बोट फिरवत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. हॉल भरला, पायऱ्यांवर कोणाला बसू दिलं नाहीस म्हणून काही जण परत गेले. खेळ संपल्यावर बुवा तुझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मांगं मी तुमाले इचारलं होतं न, बाई? आता नाई इचारत.”

तुला त्या वेळी मी पहिल्यांदा अंधारात तोंड फिरवून डोळे पुसताना पाहिलं.

आणि इतकं सगळं होऊन तू भाऊसाहेबांशी बोलायचं म्हणत होतीस. आपलं शेवटचं भांडण यावरून झालं, अर्धवट राहिलं. तू फोनवर म्हणालीस, हॉल त्यांच्या ताब्यात आहे, शहराला तसा दुसरा हॉल नाही, रुसून किती दिवस बसायचं. मी म्हटलं, त्या माणसाने तुला हाकललं. तू म्हणालीस, “मंजू, मी त्याच्यावर राग धरून बसली तं तो हॉल कोनाच्या कामाचा?” मी म्हटलं, तू त्यांच्या दारात गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तू हसलीस, म्हणालीस, पाहू, दिवाळीत ये मग भांडू. बाहेर काकू हाका मारत होत्या. नवरात्राच्या फुलांची घाई होती.

दिवाळी आली नाही तुझी. सकाळी अंगणात झेंडू निवडता निवडता डोकं दुखतं म्हणालीस आणि तिथेच बसलीस. मेंदूतली नस फुटली होती. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं की हे कोणालाही, कधीही होऊ शकतं. तुला ब्लडप्रेशर नव्हतं, कसलं व्यसन नव्हतं. तू वेळेवर जेवायचीस, रविवारी फोन बंद ठेवायचीस आणि आम्हालाही ठेवायला लावायचीस. कलेसाठी उपाशी राहणाऱ्यांचं तुला कधी कौतुक वाटलं नाही. जेवायची सुट्टी वेळापत्रकात लिहिलेली असली पाहिजे, हा तुझा हट्ट होता.

आणि त्या शोकसभेत काय बोलले सगळे, शुभांगी! एक जण म्हणाले, तिने देहाची पर्वा केली नाही. दुसरे म्हणाले, कलेच्या यज्ञात तिने आहुती दिली. तिसऱ्यांनी तर तुला समई करून टाकलं, स्वतः जळून उजेड देणारी. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. मला ओरडून सांगायचं होतं की ती जळली नाही हो, तिची नस फुटली. ती कुठल्याही यज्ञात नव्हती, नोकरीत होती. शिकून, परीक्षा देऊन, पदवी घेऊन कामाला लागली होती. सेवा म्हटलं की पुढे काही द्यावं लागत नाही. पद नाही, पगार नाही, काढून टाकलं तर उत्तरही नाही. म्हणून हा शब्द त्यांना इतका आवडतो.

शेवटी भाऊसाहेब उठले. शुभांगी आमची लेक होती, स्वतःच्या स्वप्नांसाठी तिने संस्था सोडली, असं ते म्हणाले. सोडली! पुढे त्यांनी जाहीर केलं की तुझ्या नावाने दरवर्षी एकांकिका स्पर्धा होईल. स्पर्धकांनी सेट आणि प्रवास आपला आपण करायचा, कलेवरच्या प्रेमापोटी. टाळ्यांसाठी लोकांचे हात वर गेले, मग ही शोकसभा आहे हे आठवून खाली आले.

मी बाजूला मान वळवली ती तोंड लपवायला. आणि मला ते दार दिसलं. बाहेर पडायचं दार. त्याच्यासमोर हारांचं टेबल आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या.

मी उठले. खुर्च्या एकेक उचलून भिंतीशी ठेवू लागले. भाऊसाहेब बोलायचे थांबले. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता आणि खुर्चीचे पाय फरशीवर आवाज करत होते. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी उठून माझ्याजवळ आलं. ते काका होते. त्यांनी टेबलाचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ते हारांसकट बाजूला केलं. काकांनी दार ढकललं. ते उघडलं नाही. बाहेरून कुलूप होतं.

“मंजूषाताई,” भाऊसाहेब माईकवरून म्हणाले, “आज हा दिवस नाही.”

“आजच आहे, भाऊसाहेब,” मी म्हटलं. “उद्या सांगायला ती येणार नाही.”

किल्ली आणायला भाचा धावला. दार उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं. मग मी बोलले. तुझी पदवी काय होती ते सांगितलं. तू हा हॉल सोडला नव्हतास, तुला कशासाठी काढलं तेही सांगितलं, याच दारासाठी. शेवटी म्हटलं, स्पर्धा करायची तर करा, पण नाव तिचं लावायचं असेल तर तिच्या रीतीने करा, कलाकारांशी करार करून. भाऊसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले की आपण हे बसून बोलू, स्मृतीचं राजकारण नको. नावावर का कोणाची मालकी असते, असंही हळूच म्हणाले.

काका अजून त्या दारातच उभे होते. पाठमोरे. वळून ते म्हणाले, “माह्या पोरीचं नाव लावू नका.”

बस, इतकंच. आणि काकूंचा हात धरून ते त्याच दाराने बाहेर गेले. मीही गेले.

स्पर्धा जाहीर झाली आहे, दुसऱ्या कोणाच्या नावाने. करार नाही, प्रवास ज्याचा त्याचा. फ्लेक्स उतरला. मी जिंकले असं तुला वाटू देऊ नकोस. हॉल त्यांच्याकडेच आहे, दारापुढे पुन्हा काय ठेवलं असेल मला माहीत नाही. मला एवढंच करता आलं की खोट्याखाली तुझं नाव राहिलं नाही.

तुझा अकोल्याचा दंडारीचा दुसरा प्रयोग दिवाळीनंतरचा ठरलेला होता. बुवांचा फोन आला. बाई गेल्या, आता कसं करायचं, म्हणाले. मी म्हटलं, करार झालेला आहे. त्यावर ते म्हणाले, “मंग येतो आमी.”

शुभांगी, ते काय काम असतं गं! मी आयुष्यभर रंगमंचावर आयती उभी राहिले. उजेड पडायचा, माणसं समोर बसलेली असायची, मी बोलायला लागायचे. तो उजेड कोण आणतं याचा कधी विचार केला नाही. परवानगीसाठी मी तीन कचेऱ्या फिरले. ध्वनियंत्रणेवाल्याने ऐन वेळी माणूस बदलला. जनरेटरचं डिझेल, पथकाचं जेवण, अपंगांसाठी उतार, पुढच्या रांगेचा आग्रह धरणारे नगरसेवक. करार नाटकाचा जीव घेतो, असं मी तुझ्याशी कितीदा भांडले! ते भांडण तू जिंकलीस. समोर असतीस तर मी कबूल केलं नसतं.

लोक म्हणाले, आधी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू, फोटोला हार घालू. मी नाही म्हटलं. तुझा फोटोही ठेवला नाही. कार्यक्रमपत्रिकेवर पथकातल्या सगळ्यांची नावं होती आणि शेवटी, ‘नियोजन’ या शब्दापुढे, तुझं. तुझ्या नियमाप्रमाणे सातची वेळ म्हणजे सात. मी दारं लावून घेतली आणि बुवांनी नमन सुरू केलं. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्या ओळीला ढोलकीने त्यांना सावरून घेतलं.

मी दाराशीच उभी होते. थोड्या वेळाने बाहेरून कोणी हलकेच टकटक केली. दार किलकिलं करून पाहिलं तर भाऊसाहेब. एकटेच होते, हातात तिकीट. अमरावतीहून आले होते, रस्त्यात गाडी अडकली म्हणाले. चेहरा उतरलेला होता, ते मी नाकारणार नाही.

“मी शुभांगीसाठी आलो,” ते म्हणाले.

“मग थांबा,” मी म्हटलं. “खेळ सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत. मध्यंतरात सोडते.”

ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. सवाल-जवाबाला आत लोक हसत होते, ते त्यांना भिंतीतून ऐकू येत असणार. मध्यंतरापर्यंत ते तिथेच बसून होते, वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून. मी मधून मधून काचेतून पाहत होते. कॅन्टीन समोरच होतं.

तू असतीस तर दार तूही उघडलं नसतंस. पण बाहेर चहा पाठवला असतास.

मी पाठवला नाही.